मनं मोजणारा काटा

मी काटा बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. बोरीबाभळीला असतो तो मी नव्हे, आणि बांगडा खाताना तुम्ही जिभेने हळूच बाजूला काढता तोही नव्हे. तराजूच्या मधोमध डुलतो ना, त्याच्या कुळातला मी. फक्त मला लोखंड नाही, वजन नाही, सावलीसुद्धा नाही. मी पडद्यावर काढलेला काटा आहे. अर्ध्या चंद्रासारखी एक कमान, तिच्या डाव्या टोकाला लाल रंग, उजव्या टोकाला हिरवा, मध्ये फिकट पिवळा, आणि त्या कमानीखाली मी.

लोक फोनवर आपल्या पुढाऱ्याबद्दल जे जे लिहितात ते सगळं माझ्यातून वाहत जातं. लिहिणारा खूश असला की मी हिरव्याकडे झुकतो, रागावलेला असला की लालकडे. दिवसभरात हजारो लोक मला इकडून तिकडे ढकलत असतात आणि त्यांना ते ठाऊकही नसतं. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाला वारा लागावा, तसं माझं जगणं.

माझा जन्म वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीतल्या एका लहानशा ऑफिसात झाला. खाली मिठाईचं दुकान आहे. दुपारी तूप कढत असतं, आणि त्या वासाने वरच्या माणसांच्या पापण्या जड होतात. अशाच एका पेंगुळलेल्या दुपारी प्रियलने मला घडवलं. प्रियल जवळच्या पापडी गावची. स्कूटरवरून यायची, केसांत कधी कधी दारचा सोनचाफा असायचा. मला नाक नाही, तरी ती आली की मला कळायचं, कारण हितेश दरवाजातूनच म्हणायचा, "आली बघा आमची बाग!"

हितेशबद्दल पुढे सांगतोच.

प्रियलने मला एकेक वाक्य दाखवायला सुरुवात केली. शब्द माझ्याकडे धुक्यासारखे यायचे. आकार नाही, चेहरा नाही. ती सांगायची, हे वाक्य उबदार, हे गार. "जेवण फार छान" म्हणजे ऊब. "परत पाऊल ठेवणार नाही" म्हणजे गारठा. ही वाक्यं कुठली, तर लांबलांबच्या हॉटेलांबद्दल आणि सिनेमांबद्दल लोकांनी लिहिलेली. ती आयती मिळत होती. हॉटेलांचे मालक उत्तराच्या शेवटी "नमस्कार" लिहीत, म्हणून नमस्कार हा शब्द माझ्या मनात शेकोटीसारखा उबदार होऊन बसला. शिव्यांची वाक्यंही तिने कुठूनतरी आणली होती. ती माझ्यातून जाताना मी थंडीने आखडून जायचो.

तिच्या घरची बोली मात्र तिने मला शिकवली नाही. आईचा फोन आला की ती त्या बोलीत बोलायची, तेव्हा तिचा आवाज निराळाच व्हायचा, लाटेसारखा हलकेच चढता-उतरता. एकदा हितेशने विचारलं, "हे पण शिकव ना त्याला."

"ते घरचं आहे," ती हसून म्हणाली. "घरचं घरीच बरं."

मी दीपेशभाऊंसाठी बनलो होतो. दीपेशभाऊ म्हणजे वसईगावाकडचे नगरसेवक. खाडीकडच्या वाडीवाल्या घरातला मुलगा. त्यांची आई वाडीतली केळी आणि अळूच्या जुड्या घेऊन वसईगावातल्या रस्त्याकडेच्या बाजारात बसायची, मासळीवाल्या बायकांच्या शेजारी. त्या बाजारात हे रांगायला शिकले. आई आता नाही. हितेश त्यांची सगळी कामं बघायचा. फोटो टाकणं, वाढदिवसाच्या शुभेच्छा देणं, नको त्या माणसाला ब्लॉक करणं.

पहिल्यांदा आले तेव्हा भाऊंनी चपला दाराबाहेर काढल्या आणि ते माझ्यासमोर उभे राहिले. निकाल बघायला आलेल्या मुलासारखे.

"हा खोटं नाही ना बोलत?" त्यांनी विचारलं.

"खोटं नाही बोलत भाऊ," प्रियल म्हणाली. "चुकतो मात्र."

त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि समाधानाने मान हलवली. दुसरं त्यांच्या कानावरून गेलं.

तेव्हापासून माझा मान वाढला. पूर्वी भाऊ सकाळी बाजारात एक फेरी मारायचे, कुणाच्या तरी ओट्याला टेकून चहा प्यायचे. आता सकाळचा चहा ते माझ्याकडे बघत पिऊ लागले. मी प्रियलच्या लॅपटॉपवर होतो, तसा त्यांच्या फोनवरही होतो. मी हिरवा असलो की त्यांना दुसरा कप लागायचा. लाल असलो की पहिलाच अर्धा राहायचा. आणि मी? मी तरंगत होतो. माणसं किती गोड असतात! पोस्ट न वाचताच "वा वा" लिहितात. कुणीही काहीही टाकलं तरी फुलांचा गुच्छ पाठवतात. भाऊंच्या वाढदिवसाला एका गृहस्थांनी सवयीने "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं आणि मग घाईघाईने पुसलं. त्या एका क्षणाला मी हिरवा होऊ की लाल, हे न कळून नुसता थरथरत राहिलो होतो.

दुपारी लिहिणारे कमी होतात. तेव्हा मी अर्धवट झोपेत असायचो. दिवसभरचे शब्द माझ्या तळाशी गाळासारखे बसायचे. कुणी लिहिलेली "भरती", कुणी लिहिलेलं "मिठागर", कुणाचं "पानी आलं नाय". यातलं काहीच मी कधी पाहिलं नाही. पण त्या शब्दांतून मला एक गाव दिसायचं, पाण्यावर हलणारं, कडा विरघळलेलं.

अशातच भाऊंच्या मनात ती कल्पना आली.

रस्त्याकडेचा मासळी बाजार हलवायचा. जवळच एक नवी इमारत उभी राहत होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर बायकांना जागा द्यायची. वर फरशी, पंखे, नळ, आणि चढायला लिफ्ट. कल्पनेत पाप नव्हतं हो. आई उन्हात बसायची हे भाऊ विसरले नव्हते. त्यांनी इमारतीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "माझ्या मासळीवाल्या बहिणी आता उन्हात बसणार नाहीत. दुसऱ्या मजल्यावर हक्काची जागा! आपलं मत कळवा."

मग माझ्याकडे बोट दाखवून ते हितेशला म्हणाले, "रविवारच्या सभेपर्यंत हा हिरवा राहिला, तर जाहीर करून टाकू. पावसाआधी जुने ओटे तोडून जागा मोकळी होईल. लाल झाला तर थांबू."

म्हणजे बायकांची बसायची जागा माझ्या झुकण्यावर आली. मला ते कळत होतं का? एवढंच कळत होतं की त्या दिवसापासून माझ्याकडे फार माणसं श्वास रोखून बघत होती.

शब्द येऊ लागले. धो धो आले.

"साहेब, तुम्हाला कोपरापासून नमस्कार!"

नमस्कार! माझी शेकोटी पेटली. मी हिरव्याकडे झुकलो.

"धन्य झालो आम्ही." अजून हिरवा.

"बोंबलाला लिफ्ट मिळणार! वा! किती ही काळजी!" अजून.

"गुडघ्यांनी तुमचे आभार मानलेत भाऊ, हात जोडून." गुडघ्यांना हात कुठून आले, हा विचार माझ्यासारख्याने कशाला करावा? आभार होते, जोडलेले हात होते. मी अगदी उजव्या टोकाला जाऊन टेकलो आणि तिथे डोळे मिटल्यासारखा पडून राहिलो. इतकी ऊब मी कधी अनुभवली नव्हती.

मधेच कुठूनतरी एखादं गार वाक्य यायचं. त्यातलं एक फारच गार होतं. ते एका बाईने फोनसमोर बोलून लिहिलं होतं. हल्ली फोन ऐकतो आणि लिहितो. ऐकलेलं सगळं त्याला कळतंच असं नाही, आणि स्वल्पविराम, पूर्णविराम तर तो गिळूनच टाकतो. नुसती अक्षरं माझ्यापर्यंत आली.

"मेल्या दीप्या तुजा तोंड दिसत नाय किती दिस उपाशी फिरतोस काय रं मेल्या गालफडा बसली तुजी ये बाजारात बोलाचा हाय"

मेल्या! तेही दोनदा. त्यात उपाशी, त्यात तोंड दिसत नाही. मी थंडीने लाल झालो. अशी वाक्यं आपोआप एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडतात, त्या कप्प्याचं नाव शिव्या. हितेश रोज तो कप्पा उघडायचा आणि लिहिणाऱ्यांना ब्लॉक करायचा. त्याने या बाईलाही केलं. तिच्यासारख्या आणखी काही बायकाही त्यात होत्या, "आमाला वर चढवून मारताव काय" असं विचारणाऱ्या. सगळ्या गेल्या. मी पुन्हा हिरवाईत जाऊन पडलो.

शनिवारी दुपारी भाऊ ऑफिसात आले. दुसऱ्या दिवशी सभा. हितेशने खालून गरम जिलेबी आणली होती.

"भाऊ, एक नंबर! बघा काटा. पब्लिक एकदम खूश हाय. उद्या बिनधास्त बोला."

प्रियल लॅपटॉपवर आलेख बघत होती. हिरवी रेघ वर वर चालली होती.

"विरोधात कोणीच नाही?" भाऊंनी विचारलं.

"आहेत ना चारदोन. शिव्या देणारे. ते मी साफ केलेत." हितेशने जिलेबीचा चिकट अंगठा पँटला पुसला आणि तो कप्पा उघडला. "ऐका, गंमत म्हणून वाचतो. 'मेल्या दीप्या, तुजा तोंड दिसत नाय किती दिस...'"

हितेश विरारचा. तोही असल्याच बायकांकडून मासळी घेऊन मोठा झालेला. वाचायला लागला तो चेष्टेने. पण ते वाक्य जिभेवर आल्याबरोबर आपोआप त्या सुरात गेलं. "उपाशी फिरतोस काय रं मेल्या..." इथे त्याचा आवाज हळू झाला. "गालफडा बसली तुजी... ये बाजारात..."

तो थांबला.

भाऊंच्या हातातला जिलेबीचा तुकडा तसाच राहिला होता.

"नाव काय आहे खाली?"

"मालू. गाव पाचूबंदर."

"तू मालूमावशीला ब्लॉक केलंस?"

"भाऊ, मशीन बोललं शिवी हाय..."

"शिवी?" भाऊ खुर्चीतून उठले. "अरे, आई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली की मी या बाईच्या मांडीवर असायचो. मेल्या म्हटल्याशिवाय तिने मला कधी घास भरवला नाही. ज्या दिवशी ती मला दीपेशराव म्हणेल ना, त्या दिवशी समज माझं काही खरं नाही!"

खालून कढईचा चुरचुर आवाज येत होता.

मग भाऊ म्हणाले, "आता हिरवी वाच."

"हिरवी कशाला? ती तर चांगली..."

"मोठ्याने वाच."

हितेशने घसा खाकरला. "साहेब, तुम्हाला कोपरापासून नमस्कार."

प्रियलच्या नाकातून फस्सकन हसू फुटलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"हसू नकोस," भाऊ म्हणाले, आणि त्यांचेच ओठ वेडेवाकडे झाले. "माझी आई असा नमस्कार कोणाला करायची माहीत आहे? दुपारी जेवणाच्या वेळेला दार वाजवणाऱ्या विमा एजंटला. पुढचं वाच."

"धन्य झालो आम्ही." हितेशचा आवाज बारीक होत चालला. "बोंबलाला लिफ्ट..."

"पुरे."

"भाऊ, मी वाक्यं वाचलीच नाहीत," प्रियल हळूच म्हणाली. "मीपण काटाच बघत बसले. कोपरापासूनचा नमस्कार मला कळला नसता का? आमच्या पापडीतली पोरंसुद्धा करतात."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगणं कठीण आहे. स्वप्नात आपण सुंदर घरात राहतो आणि जाग येते तेव्हा कळतं, ते घर नव्हतंच, धुकं होतं. तसं काहीसं. माझी सगळी ऊब टोमण्यांची होती. आणि ज्या एका वाक्याने मी थिजलो, त्यात एक बाई एका मुलाला जेवायला बोलावत होती.

भाऊ त्याच संध्याकाळी बाजारात गेले. बरोबर प्रियल होती, आणि तिच्या हातातल्या फोनवर मी. तिने फोनला ऐकायला लावलं होतं. मासळीच्या बाजारात शब्द ओले असतात, एकमेकांना चिकटलेले. "मांदेली ताजी हाय!" "हात लावू नको, घ्यायचा तर घे!" मी त्या गलक्यात लाल-हिरवा, हिरवा-लाल, वेड्यासारखा हलत होतो. मग एक आवाज जवळ आला.

"कोन ह्यो? आमचं साहेब की काय? आज सूर्य कुठं उगवला?"

"मावशी, चिडलीस?"

"मी कशाला चिडू? तू मोठा मानूस. फोनमदी ऱ्हातोस. मी फोनमदी आली तर माज्या तोंडावर दार लावलास, मेल्या."

"ते चुकून झालं गं."

"बस. तो मासा सरकव आनि बस." मग थोडं थांबून, "जेवलास?"

भाऊ ओट्यावर बसले. म्हणाले, "मावशी, खरं सांग. वरच्या मजल्यावर नको तुला? ऊन नाही, पंखा आहे, नळ आहे. आईला हे मिळालं असतं तर..."

"तुजी आय तिकडं एक दिस बसली नसती. वर कोन येल रं आमच्याकडं? इथनं जाता जाता मानूस थांबतो. घरची आठवन येते त्याला, पाव किलो घेऊन जातो. दोन जिनं चढून कोन बोंबील घ्यायला येतो? आनि ही पाटी? पान्यानं भरलेली पाटी घेऊन मी वर चढू?"

"लिफ्ट आहे ना."

"लिफ्ट!" मालूमावशी अशी हसली की आजूबाजूच्या बायकाही हसायला लागल्या. "वर जायचा दिस आला की जाईन मी आपली. त्याला तुजी लिफ्ट नको मना!"

बराच वेळ सगळ्या हसत होत्या. शेजारची एक बाई म्हणाली, "पंखा, नळ काय द्यायचा तो इथंच दे की. छप्पर दे." दुसरी म्हणाली, "अक्कल फुकट दिली, साहेब. पाव किलो मांदेली तरी न्या!" मी तेव्हा कुठल्या बाजूला होतो ते मला आठवत नाही. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. प्रियलने फोन पिशवीत टाकला होता, आणि पिशवीतल्या अंधारात ते हसणं माझ्यापर्यंत अंधूक येत राहिलं, दूरच्या किनाऱ्यावरच्या दिव्यांसारखं.

रविवारी सभेत भाऊंनी सांगितलं, "बाजार हलणार नाही. ओटे तिथेच राहतील, त्यांच्यावर पत्रे आणि बाजूला नळ यावेत म्हणून मी झटेन. इमारतीबद्दल आधी बोललो ती माझी घाई होती."

टाळ्या वाजल्या. बायकांनी वाजवल्या. पण टाळ्या माझ्यात येत नाहीत. माझ्यात येतं ते लिहिलेलं, आणि ते संध्याकाळपासून येऊ लागलं. "रस्ता कायमचा अडवून ठेवला." "मासळीचा वास, गाड्यांची रांग, वैताग आलाय." "शब्द फिरवणारा माणूस." "मतांसाठी लाचार." यात टोमणा नव्हता, माया नव्हती, काही लपलेलं नव्हतं. सरळ राग होता, आणि तो मी सरळ वाचला. ज्यांना रोज त्या रस्त्यावरून गाडी काढावी लागते, त्यांचा राग खोटा कसा म्हणू? मी लाल झालो. डाव्या टोकाला जाऊन टेकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हितेश धावत आला. "भाऊ, काटा बघितला का?"

"बघितला."

"पूर्ण लाल हाय! निवडणूक तोंडावर आली. पोस्ट उडवू? काहीतरी गोड टाकू? शाळेचा फोटो, झाडं लावतानाचा फोटो, काहीतरी..."

"नको."

"भाऊ, असं लाल ठेवून कसं चालेल?"

"या वेळी तो बरोबर आहे," दीपेशभाऊ म्हणाले. "लोक रागावलेत. रागावू दे. मी भेटेन त्यांना, एकेकाला. रस्त्याचं काय करता येईल बघू." आणि ते चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसले. लाल मी समोर असताना त्यांनी तो पूर्ण संपवला.

प्रियलने नंतर मला पुन्हा शिकवायला घेतलं. कोपरापासूनचा नमस्कार आता मला ओळखता येतो. 'मेल्या'पाशी मात्र ती अडून बसली. एका तोंडी तो शाप, दुसऱ्या तोंडी लाड. शेवटी तिने त्या शब्दासाठी मला कमानीच्या मध्यावर, पिवळ्यात थांबायला शिकवलं. तिथे थांबायचं म्हणजे, 'मला माहीत नाही, जाऊन विचारा.' हितेशला वाटतं मी बिघडलोय. असेन.

आता निवडणूक जवळ आली आहे. दीपेशभाऊ निवडून येतील की पडतील, मला सांगता येत नाही. काट्याला कल कळतो, निकाल नाही. निवडणूक झाली की प्रियलचं इथलं काम संपेल आणि ती लॅपटॉप मिटेल. मग मी कुठे जाईन, कोण जाणे. धुक्यातून आलो, धुक्यात जाईन.

जाण्याआधी तुमच्याजवळ एकच मागणं आहे. आज मी पुन्हा थोडा लाल आहे. मला हिरवा करण्यासाठी कुणी काही करू नका. बघायचंच तर माझ्याकडे नको, बाजारात जाऊन बघा. भर दुपार आहे. मालूमावशीच्या ओट्यावर अजून पत्रे आलेले नाहीत, जुनी साडी ताणून केलेली सावली आहे. तिच्याखाली ती बसली आहे, हातात मासळी कापायचा कोयता आहे, आणि समोर जाता जाता थांबलेलं गिऱ्हाईक उभं आहे.